शाळेच्या प्रदर्शनासाठी कालपट्टी: भारतात बायकांना मत कसं मिळालं

‘१९५० साली संविधानाने स्त्रियांना मताधिकार दिला’ एवढंच सांगायचं असेल, तर पट्टीचा खटाटोप कशाला? १९१७ पासून सुरू करा, १९५२ ला थांबा.

५६ × ७१ सेंमीच्या तीन कार्डशीट लांबीने जोडा, प्रत्येक जोडावर २ सेंमी एकावर एक. एकूण २०९ सेंमी होतात. वर्षाला ५ सेंमी धरले की १७५ लागतात. उरलेले ३४ दोन्ही टोकांना वाटा. फेविकॉल थापू नका, कागद सुरकुततो. पातळ हात फिरवा आणि जोड रात्रभर वजनाखाली ठेवा.

मधोमध रेघ मारा. वर कायदे, खाली माणसं. दाटी होते ती १९१७ ते १९२१ मध्ये, २० सेंमीत पाच नोंदी. म्हणून चिठ्ठी ९ सेंमीपेक्षा रुंद नको. कमी-जास्त उंचीवर लावून दोऱ्याने आपापल्या वर्षाला जोडा.

खाली: डिसेंबर १९१७, सरोजिनी नायडूंचं शिष्टमंडळ बायकांच्या मतासाठी मद्रासला ब्रिटिश भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलं. १९१९, मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन यांनी लंडनला जाऊन बाजू मांडली. वर: १९१९ चा भारत सरकार कायदा. इथे हमखास चूक होते. या कायद्याने बायकांना मत दिलं नाही, निर्णय प्रांतांवर ढकलला. मद्रास आणि मुंबई प्रांतांनी तो १९२१ मध्ये घेतला. त्रावणकोर १९२० चं, पण ते संस्थान. त्याची चिठ्ठी वेगळ्या रंगाची करा, नाहीतर मुलं त्याला प्रांतांत धरतात.

१९२६ ला बायकांना उमेदवारीची वाट उघडली. त्याच वर्षी कमलादेवी चट्टोपाध्याय मद्रासमध्ये उभ्या राहिल्या आणि थोडक्यात हरल्या. १९२७ ला मुथुलक्ष्मी रेड्डी मद्रास विधान परिषदेत आल्या, पण नियुक्तीने. ‘निवडून आल्या’ लिहू नका.

१९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या चिठ्ठीवर बायकांना मतासाठी असलेल्या अटी लिहाच: मालमत्ता, साक्षरता किंवा मालमत्ताधारक नवरा. अटी गाळल्या की १९५० मध्ये नवं काय झालं ते कळतच नाही. १९५० च्या चिठ्ठीवर संविधानाचं कलम ३२६ आणि मतदानाचं वय २१ लिहा. १८ हे १९८९ चं.

शेवटची चिठ्ठी रेघेखालीच हवी. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या यादीतून सुमारे २८ लाख बायका वगळल्या गेल्या, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. नोंद ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशी होती. हा मजकूर दोन ओळींत मावत नाही, तेव्हा उजव्या टोकाची मोकळी जागा शीर्षकात घालवू नका.