जिओनोसिसचा कारखाना बांधताना माझे चार महिने कुठे गेले

थ्रीडी एन्व्हायर्नमेंटच्या, म्हणजे संगणकावर अख्ख्या जागा उभ्या करण्याच्या, कामात येणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एक जागा असते, जिच्यामुळे तो या वाटेला लागला. माझी जागा म्हणजे 'स्टार वॉर्स'मधल्या जिओनोसिस ग्रहावरचा ड्रॉइड, म्हणजे यंत्रमानव, बनवायचा कारखाना. 'अटॅक ऑफ द क्लोन्स' (2002) मधला तो लाल खडकाच्या पोटातला पसारा: पट्ट्यांवरून सरकणारे ड्रॉइडचे सुटे भाग, आदळणारी दाबयंत्रं, खाली वितळलेला धातू. पोर्टफोलिओसाठी मी तोच बनवायला घेतला. थ्रीडी मॉडेल बनवायचं ब्लेंडर येत होतं, ती मांडून जिवंत करायचं अनरियल हे गेम इंजिन येत होतं, टेक्स्चरिंगला (पृष्ठभागावर रंग-गंज चढवण्याला) लोक बरं म्हणत होते. तरी चार महिन्यांनी बहुतेक सगळं टाकून द्यावं लागलं. ते का, हे सांगायला बसले आहे. यूव्ही, बेकिंग वगैरे टेक्स्चरची तांत्रिक कामं तुम्हाला येतात असं धरते.

मी सुरुवात दाबयंत्रापासून केली. एका यंत्रावर तीन आठवडे घालवले. एकेक बोल्ट, गंज, तेलाचे ओघळ, सगळं. मग क्रेन, मग भट्टी. अनरियल 5 मध्ये नॅनाइट (प्रचंड बारकाव्याची मॉडेलं सहज पेलणारी सोय) आल्यापासून पॉलिगॉन, म्हणजे मॉडेलचे बारीक पृष्ठतुकडे, मोजायची धास्ती राहिली नाही, त्यामुळे आपल्याला थांबवणारंही काही राहिलं नाही. अकरा यंत्रं झाली. ती गुहेत मांडली, धूर सोडला, ठिणग्या उडवल्या. चित्र चांगलं दिसत होतं, म्हणून मला काही कळलंच नाही.

मुलाखतीत समोरच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला: यातला एक ड्रॉइड कुठे जन्मतो आणि बाहेर कुठून पडतो, ते बोटानं दाखव. मला दाखवता येईना. अकरा यंत्रं होती, पण एकातला माल दुसऱ्यात जात नव्हता. ती नोकरी मिळाली नाही. मी रात्रीच्या गाडीनं कोल्हापूरला घरी गेले आणि महिनाभर लॅपटॉप उघडला नाही.

माझे मामा शिरोलीला फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, आहेत. त्यांनी माझं चित्र बराच वेळ निरखलं आणि म्हणाले, "पोरी, ह्यात वाळू कुठाय? माल कुठनं येतोय, भंगार कुठं पडतंय?" दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारून मला आत घेऊन गेले. एका टोकाला भंगाराचा ढीग. तिथून भट्टी, भट्टीतून लॅडल (वितळलेला धातू न्यायचं भांडं), लॅडलमधून वाळूच्या साच्यांत ओतकाम. थंड झाल्यावर साचे फोडायचे, वाळू परत वापरायला जायची, कास्टिंग, म्हणजे ओतून झालेला भाग, शॉटब्लास्टिंगला (धातूच्या कणांचा मारा करून साफ करायला), मग फेटलिंगला (जास्तीचा धातू छाटायला), मग तपासणीला. जे नापास होईल ते पुन्हा भट्टीत. कुठल्याही कोपऱ्यात उभं राहिलं तरी माल कुठून कुठे चाललाय ते दिसत होतं. वाटेची रुंदी लॅडल नेणाऱ्या ट्रॉलीनं ठरवली होती, यंत्रांच्या जागा वाटेनं. मी नेमकं उलटं केलं होतं.

म्हणून हे परत परत सांगते, कंटाळा आला तरी वाचा. यंत्र बनवू नका. आधी वाट आखा. ड्रॉइडचा एक हात घ्या, फक्त एक. अनरियलमध्ये एक स्प्लाइन, म्हणजे वळणारी रेषा, टाका, धातू आत येतो तिथपासून तयार ड्रॉइड बाहेर पडतो तिथपर्यंत. त्या रेषेवर करडे खोके ठेवा. प्रत्येक खोक्याला तीन प्रश्न विचारा: आत काय येतं, बाहेर काय जातं, उरलेलं कुठे पडतं. मग चौथा: हे बंद पडलं तर दुरुस्तीला इथवर पोचायचं कसं? ज्या खोक्याला चारही उत्तरं नाहीत, तो काढून टाका, कितीही देखणा होणार असला तरी. रेषेवर दर थोड्या अंतरानं सुमारे 1.9 मीटर उंचीचा बी-वन, म्हणजे साधा युद्ध-ड्रॉइड, उभा करा, म्हणजे गुहा किती मोठी ते तुम्हालाच कळेल. हे सगळं करड्या रंगात पटत नसेल तर टेक्स्चर चढवून पटणार नाही. मी चढवून पाहिलं आहे.

आता चित्रपटातला कारखान्याचा प्रसंग पुन्हा पाहा. सी-थ्रीपीओ या सोनेरी ड्रॉइडचं मुंडकं उडतं आणि युद्ध-ड्रॉइडच्या धडावर बसतं. तो गोंधळ आपल्याला क्षणात कळतो, कारण मुंडकी धडांवर बसवायचं काम तिथेच चाललेलं आपण पाहिलेलं असतं. हा प्रसंग मूळ चित्रीकरणानंतर जोडलेला. नट रिकाम्या पडद्यासमोर होते आणि कारखाना नंतर उभा राहिला, तरी वाट चुकत नाही.

फाउंड्रीत आणखी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. ओतायच्या वेळी लोखंड 1,350 अंश सेल्सिअसच्या वर असतं आणि ते लालभडक अजिबात दिसत नाही. पिवळट-नारिंगी, डोळे दिपवणारं. ब्लेंडरच्या ब्लॅकबॉडी नोडमध्ये (तापमानावरून उजेडाचा रंग ठरवणाऱ्या खोक्यात) केल्विन द्यायचे असतात: 1,400 अंशांसाठी 1,673. माझा लाव्ह्यासारखा लाल रस त्या दिवशी काढून टाकला. जमिनीखाली सूर्य नाही, त्यामुळे निम्मा उजेड या धातूचाच आहे.

तयार किटबॅश पॅकबद्दल (दुसऱ्यांनी बनवलेल्या सुट्या भागांच्या संचांबद्दल) माझं मत कडक आहे: पहिलं वर्ष हात लावू नका. कामावर गेल्यावर सगळेच वापरतात, मीही वापरते. पण शिकताना पॅकमधलं यंत्र आणलंत की ते काय करतं हे विचारायची सवयच लागत नाही. आणि मार्गदर्शक निवडताना पैसे घेऊन आठवड्याला "मस्त झालंय" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. मी ज्यांच्याकडे शिकले त्यांनी चार महिन्यांत एकदाही वाट विचारली नाही. तुमच्या चित्राला प्रश्न विचारणारा माणूस हवा, मग त्याला सॉफ्टवेअरचं नाव माहीत नसलं तरी चालेल.

तुमचेही महिने असेच गेले असतील तर घाबरू नका. कारखाना दुसऱ्यांदा पाच आठवड्यांत उभा राहिला. जुन्या अकरापैकी चार यंत्रं तशीच्या तशी बसली. हात तयार झालेला असतो, तो कुठे जात नाही. नोकरीला मात्र आणखी सात महिने लागले, हेही खरं.

नवं चित्र मामांना दाखवलं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, धातू आत येतो तिथून, आणि न थांबता दारापर्यंत नेलं. मग मागे येऊन विचारलं, "नापास माल परत भट्टीत जातोय न्हवं?" मी डावीकडचा खालचा पट्टा दाखवला.