पायथॉनमधे डिक्टचा सबक्लास करताना

क्लास आणि इनहेरिटन्स जरा जमायला लागलं की बऱ्याच जणांना स्वतःचा डिक्ट (की (key) आणि व्हॅल्यूच्या जोड्या ठेवणारा पायथॉनचा टाइप) बनवावासा वाटतो, आणि जरूर बनवावा, त्यातनं भाषा आतून कशी चालते ते चांगलं कळतं. रिव्ह्यूला येणाऱ्या नवीन मुलांच्या कोडमधे मला हे नेहमी दिसतं म्हणून लिहितोय.

समजा, डिक्टची ही की कशीही टाइप केली तरी लोअरकेस होऊनच आत जायला हवी. डिक्ट इनहेरिट केला, डंडर सेटआयटम (__setitem__, व्हॅल्यू आत टाकणारी मेथड) ओव्हरराइड केली, चौकोनी कंसाने व्हॅल्यू टाकली, सगळं बरोबर चालतंय. आता त्याच ऑब्जेक्टवर अपडेट किंवा सेटडिफॉल्ट वापरा, नाहीतर ऑब्जेक्ट बनवतानाच व्हॅल्यू द्या. की जशीच्या तशी आत, तुमच्या मेथडला कोणी विचारतच नाही! एरर पण येत नाही, आणि खरा त्रास तोच आहे, कारण चुकीचा डेटा कुठेतरी लांब दुसऱ्याच फाइलमधे सापडतो आणि तिथून मागे माग काढत यावं लागतं.

असं का, तर सीपायथॉनमधला, म्हणजे पायथॉनच्या नेहमीच्या इंटरप्रिटरमधला, डिक्ट सी भाषेत लिहिलेला आहे आणि त्याच्या मेथड तुमच्या ओव्हरराइडकडे न बघता डेटा जिथे असतो त्या हॅश टेबलला थेट हात घालतात. इंटरप्रिटर स्वतःच मॉड्यूलची नावं, ऑब्जेक्टचे अॅट्रिब्यूट वगैरे डिक्टमधे ठेवतो, त्यामुळे तिथे वेग लागतोच. चौकोनी कंसाने व्हॅल्यू वाचणारी गेटआयटम बदलली तरी गेट तिला बोलवत नाही ते याच कारणाने, आणि कॉपी केली तर हातात साधा डिक्ट येतो.

माझं मत स्पष्ट आहे, वागणूक बदलायची असेल तर कलेक्शन्स मॉड्यूलमधला यूजरडिक्ट घ्या. 2001 मधे पायथॉन 2.2 येईपर्यंत डिक्टचा थेट सबक्लास करताच येत नव्हता, यूजरडिक्ट त्याच्याही आधीचा. तो पायथॉनमधेच लिहिलाय, खरा डिक्ट आत डेटा नावाने असतो आणि अपडेट, सेटडिफॉल्ट, इनिट सगळे तुमच्या सेटआयटममधूनच जातात. फक्त थोडा हळू आहे, आणि इझइन्स्टन्सने विचारलं तर तो डिक्ट नाही, त्यामुळे जेसन डम्प्स (डेटाचं जेसन टेक्स्ट बनवणारं फंक्शन) टाइपएरर देतो, तिथे डॉट डेटा पाठवायचा.

नसलेल्या कीला डिफॉल्ट द्यायचा एवढंच काम असेल तर मात्र डिक्टचाच सबक्लास करून डंडर मिसिंग लिहिली तरी भागतं, कलेक्शन्समधला मोजणी ठेवणारा काउंटर तसाच शून्य देतो. पण ती फक्त चौकोनी कंसाला चालते, डिक्टच्या गेटला आणि इनला नाही, तेव्हा टेस्ट लिहिताना हे दोन्ही वेगळे तपासा.