रब्बी ज्वारी कोरड्यात टिकवायची तर आधी खड्डा खणा, बियाणं नंतर

दरवर्षी गणपतीच्या आसपास एकच प्रश्न येतो, कोरडवाहूला कोणतं वाण टाकू, कमी पाण्यात कोणतं येईल? मी उलट विचारतो की तुमच्या रानात माती किती खोल आहे, आणि बहुतेकांना अंदाजे सांगता येतं, मोजून नाही. म्हणून आधी टिकाव घ्या आणि रानात तीन-चार ठिकाणी खड्डा काढा, मुरूम किंवा चुनखडी लागेपर्यंत. एकाच गटात एका कडेला दीड फूट आणि ओढ्याकडं चार फूट असं सर्रास निघतं.

आता हे एवढं महत्त्वाचं का, तर साधा हिशोब करा. चांगली काळी जमीन दर फूट खोलीमागं पिकाला घेता येईल असं साधारण 45 ते 60 मिलिमीटर पाणी धरते. एकराला ते झालं दोन लाख लिटरच्या आसपास. म्हणजे मुळी एक फूट जास्त खाली गेली तर 10 हजार लिटरचे वीसेक टँकर तुम्ही न आणता पिकाला मिळाले. तेही दाणे भरायच्या वेळी, जेव्हा वरची वीतभर माती पार कोरडी झालेली असते. ऑस्ट्रेलियात गव्हावर झालेला एक अभ्यास 2007 ला आला होता, त्यात फुलोऱ्यानंतर खोल थरातून उचललेल्या दर मिलिमीटर पाण्यामागं हेक्टरी 59 किलोच्या आसपास दाणा वाढला. शेवटचं पाणी किती मोलाचं असतं ते यातून कळतं.

आमच्या सोलापूर-मंगळवेढा भागात ज्वारी पावसावर नाही, जमिनीतल्या ओलीवर येते. मालदांडी 35-1 हे वाण 1930 च्या दशकात मोहोळला निवडलं गेलं आणि अजून टिकून आहे त्याचं एक कारण हेच, मातीला खोली असली की ते खालची ओल ओढतं. पण तेच वाण फूटभर मातीवर टाकलं तर मुळी जाणार कुठं? ज्वारीची मुळी दीड-दोन मीटर जाऊ शकते, पण माती असेल तर. म्हणून राहुरीच्या कृषी विद्यापीठाने खोलीप्रमाणं वाणं सांगितलीत, फूटभर हलक्या रानाला फुले अनुराधा नाहीतर फुले माउली, दोन फुटांपर्यंत मध्यम रानाला फुले सुचित्रा किंवा मालदांडी, त्यापुढं भारीला फुले वसुधा, फुले यशोदा. हलक्या रानात लवकर येणारं वाण घेण्यात कमीपणा नाही, ओल संपायच्या आत कणीस भरलं पाहिजे.

एक गैरसमज मात्र काढायलाच हवा. मुळी पाणी शोधत खाली जाते असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. मुळी ओल्या मातीतूनच वाढते. वर हस्ताची ओल, मध्ये कोरडा थर आणि खाली जुनी ओल असं असलं तर ती मधेच थांबते. मी एकदा खरिपात मूग काढून लगेच त्याच रानात ज्वारी पेरली, वरून रान मस्त ओलं होतं, उगवण एकसारखी, आणि पोटरीत, म्हणजे कणीस पानाच्या पोटात असताना, पीक सुकायला लागलं, खणून बघितलं तर दीड फुटाखाली माती भुगा होती. तेव्हापासून पेरणीआधी लोखंडी सळई दाबून बघतो. ओलीत ती सरळ जाते, कोरड्यात अडते. जिथं अडली तिथली माती मुठीत दाबायची, गोळा झाला तर ओल आहे आणि अडवणूक कडक थराची आहे, नाहीतर कोरडं आहे.

ओल खालपर्यंत भरायची तर पावसाळ्यात रान मोकळं ठेवून सारे किंवा चौकोनी वाफे पाडा, पाणी जागच्या जागी मुरलं पाहिजे. कडक थर लागला तर, विशेषतः वर्षानुवर्षं रोटाव्हेटर एकाच खोलीवर फिरलाय तिथं, मे महिन्यात माती खणखणीत वाळलेली असताना सबसॉयलर, म्हणजे खालचा थर फोडणारं खोल फाळाचं अवजार, चालवा. ओल्यात चालवला तर थर फुटत नाही, उलट माती दाबते.

पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर, दोन चाड्याच्या (बी आणि खत वेगळं सोडणाऱ्या) पाभरीनं, खत बियाच्या खाली पडलं पाहिजे. दोन ओळींत 45 सेंमी, दोन ताटांत 15 सेंमी, एकरी 4 किलो बी पुरे. दाट पेरलं की सगळी ताटं मिळून डिसेंबरातच ओल संपवतात, म्हणून विरळणी टाळू नका, जीव तुटला तरी उपटा.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास बुडातून नवीन मुळ्या फुटतात, पुढचं सगळं पीक त्यांच्यावर उभं राहतं. तेव्हा वरची माती साफ कोरडी असेल तर त्या आत शिरत नाहीत. म्हणून तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्यानं, पाचव्यात पासेच्या, आठव्यात दातेरी कोळप्यानं भेगा बुजवायच्या. मध्यम रानात एकच पाणी देता येत असेल तर 35 ते 40 दिवसांनी, भेगा पडायच्या आधी द्या, दुसरं जमलं तर पोटरीत.

फुलोऱ्याला परत एकदा खणा, एका ताटाशेजारी. पांढरी मुळी कुठवर गेलीय, कुठं आडवी वळलीय ते टेपनं मोजून वहीत लिहा, पुढच्या मे महिन्यात सबसॉयलर कुठं लागणार ते तिथंच कळेल.