आजारपणानंतर घरातला पेटी-तबला परत कसा सुरू करायचा

घरात मोठं आजारपण होऊन गेलं की येणारा-जाणारा पेशंटची चौकशी करतो, पण जोडीने गाणारं-वाजवणारं घर असेल तर अडकतो बहुतेक वेळा दुसराच, म्हणजे ज्याने औषधं दिली, हॉस्पिटलच्या खुर्चीत रात्री काढल्या तो. आमच्याकडे हे तबल्यावर आणि मी पेटी घेऊन गाते. यांची बायपास झाली, त्यानंतर यांचा हात आधी सुटला आणि माझा गळा कितीतरी उशिरा, कारण गाताना अर्धं लक्ष यांच्या चेहऱ्याकडे, घाम आला का, दम लागला का. त्यामुळे खालचं सगळं दोघांनी मिळून वाचा.

डॉक्टरांना नीट विचारा

"तबला वाजवू का" असं विचारलंत तर डॉक्टर हसून "वाजवा की" म्हणतील, त्यांना काय माहीत डग्ग्यावर, म्हणजे डाव्या हाताच्या मोठ्या तबल्यावर, मनगट किती दाबावं लागतं ते. हालचाल सांगून विचारायचं. अर्धा तास मांडी घालून बसलं तर चालेल का, दोन्ही हात सतत हलवले तर चालेल का, पेटी उचलू का, वरच्या पट्टीत जोर लावून गाऊ का. बायपासमध्ये छातीचं हाड जुळायला साधारण 6 ते 12 आठवडे जातात आणि तोवर वजन उचलायचं नसतं, आणि आपल्या घरातली पेटी सहज 8-10 किलोची असते. शिवाय बायपाससाठी पायातली शीर काढली असेल तर त्या पायाला सूज राहते आणि मांडी घातली की ठणकतो. मग खुर्चीत बसा आणि तबला-डग्गा समोर बुटक्या टेबलावर खालच्या कापडी रिंगांसकट नीट बसवा, सुरुवातीला विचित्र वाटतं पण बोल तेच निघतात. केमो झाली असेल तर बोटांना मुंग्या येतात का ते आधी सांगा. घशात नळी घातली होती आणि आवाज काही आठवड्यांनीही बसलेलाच असेल तर रियाज बाजूला ठेवून आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, गरम पाण्याच्या गुळण्यांवर भागवू नका.

वाद्यं बघा

ठाण्यात खाडीचा दमटपणा आणि वर आपला पाऊस, त्यात वाद्य बंद पडून राहिलं की काही ना काही झालेलं असतंच. पेटीचे सगळे स्टॉप बंद करा, भाता भरा आणि पट्टी न दाबता बघा. हवा टिकली तर ठीक, भाता लगेच खाली बसला तर कुठेतरी गळतंय. मग स्टॉप उघडल्यावर एखादा सूर आपोआप वाजत राहिला तर बहुतेक त्या पट्टीखाली कचरा अडकलेला असतो किंवा पट्टी फुगलेली असते. सुरांना तेल वगैरे लावू नका प्लीज, कारागिराकडे न्या. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, ढिली पडलेली असणार, गजऱ्यावर, म्हणजे तिच्या कडेच्या विणलेल्या चामड्यावर, हातोडी वरून खाली हळूहळू सगळ्या बाजूंनी ठोकत चढवा, एका घावात चढवायला जाऊ नका, आणि उन्हात ठेवून ताणायचा शॉर्टकट तर नकोच, पुडीवरची काळी शाई तडकते. शाई उडालीच असेल तर पुडी बदला. ही कामं करून वाद्यं कपाटात परत टाकू नका, हॉलमध्येच कापड घालून ठेवा, कारण कपाटातून काढायचं म्हटलं की तो दिवस गेलाच.

पट्टी खाली आणा

आजारपणात गळा वापरलेलाच नसतो, जागरणं तर दोघांचीही झालेली असतात. काळी पाचला, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर सा धरून, गात असाल तर काळी चारला या, लाज कसली त्यात. तबला तेवढा खाली उतरतो, गजऱ्यावर खालून वर ठोकायचं. आणि अगदीच गळा लागत नसेल, पांढरी चारपर्यंत यावं लागत असेल, तर तबल्याला हातच लावू नका, काळी पाचचा तबला पांढरी चारच्या गाण्याला मध्यमात, म्हणजे त्या गाण्याच्या म ला, बसतो. मध्यमाच्या गाण्याला तर छानच लागतो. तानपुऱ्याचं अॅप मोबाइलवर लावून ठेवलं की दोघांचेही कान पटकन ताळ्यावर येतात.

पहिले काही दिवस

दोघांचं जे लाडकं गाणं आहे ते आत्ता काढायचं नाही. ते पूर्वीसारखं होणार नाही आणि मग दोघंही गप्प. यमनचे नाहीतर भूपाचे अलंकार घ्या, त्यानंतर एखादा साधा गजर आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात, लय मिनिटाला 60-70 मात्रांपर्यंत, दहा मिनिटं झाली की बंद. वेळ शक्यतो सकाळी नाश्ता-औषधं झाल्यावरची धरा, संध्याकाळपर्यंत पेशंट थकलेला असतो.

आता मुख्य गोष्ट, थांबायचं कसं. "दमलास का", "बास करूया का" हे वाजवताना अजिबात बोलायचं नाही, कारण ते ऐकलं की समोरचा परत पेशंट होतो. आम्ही असं ठरवलं की थकवा वाटला की यांनी तिहाई, म्हणजे तेच बोल तीनदा, घ्यायची, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दोघांनी थांबायचं, का घेतली ते विचारायचं नाही. गाणाऱ्याला थांबायचं असेल तर त्याने मुखडा, म्हणजे गाण्याची सुरुवातीची ओळ, दोनदा म्हणायचा, तबलजीला कळतं. ऑक्सिमीटर, बीपीचं मशीन, गोळ्यांचा डबा, सगळं तेवढ्यापुरतं आतल्या खोलीत. अर्थात छातीत दुखलं, चक्कर आली, दम लागला तर तिहाईबिहाई काही नाही, तिथल्या तिथे थांबायचं आणि डॉक्टरांना फोन.

एक सोसायटीतली अडचण. तबला ऐकू आला की शेजारीपाजारी "अरे वा, बरे झाले वाटतं" म्हणत बेल वाजवतात, प्रेमानेच येतात, पण त्यांच्या चहात ती दहा मिनिटं जातात. दारावर चिठ्ठी लावा, किंवा सरळ सांगा की साडेअकरानंतर या.

वाजवताच येत नसेल तर

पक्षाघाताने एक हात गेला असेल तर चालत्या हाताने मांडीवर टाळी-खाली, म्हणजे तालातले भरलेले आणि रिकामे ठोके, धरून ताल सांभाळता येतो. बोलणं गेलेल्या काही पेशंटना पाठ असलेल्या गाण्याचे शब्द मात्र गाताना येतात, हे खरंच होतं आणि 1973 पासून सुरावर आधारलेली एक वाचा-उपचार पद्धतही आहे, स्पीच थेरपिस्टला त्याबद्दल विचारा. शब्द आले नाहीत तर आग्रह नको, आ-कारात गाऊ द्या.

बाहेर पडताना

भजनी मंडळात जाण्याआधी एकदा दोघांनी नुसतं ऐकायला जा. ठाणे महापालिका पं. राम मराठे यांच्या नावाने संगीत महोत्सव भरवते, नाहीतर घाणेकर नाट्यगृहात काही ना काही असतंच, कडेची, दाराजवळची सीट घ्यायची म्हणजे मध्येच उठता येतं. केमोनंतर किंवा प्रतिकारशक्ती कमी असताना गर्दीत जायचं की नाही हे डॉक्टरांवर सोडा. मंडळात पहिल्यांदा जाल तेव्हा आधीच फोन करून सांगा की दोनच अभंगांना साथ करू, मग उठू, आणि आपण उठल्यावर बसायला दुसरा तबलजी तयार ठेवा. पेटी जिन्यावरून चढवायला मंडळातल्या तरुण पोरांपैकी कोणाला तरी खाली बोलवा, ते येतात.