शिक्का वाचून मोकळे होऊ नका: ली-एन्फिल्ड ओळखताना होणाऱ्या चुका

ली-एन्फिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या डाव्या बाजूचा एक धूसर फोटो आणि खाली प्रश्न: "मार्क ३ आहे ना?" असे निरोप मला इतके आलेत की आता मी उलट एकच विचारतो, मॅगझिनचा फोटो कुठाय?

ही सवय मला फजितीतून लागली. एका परिचितांनी असाच फोटो पाठवला होता. नळीच्या तोंडाशी सपाट बसलेलं बोथट नाक, नेम धरायची मागची साइट नळीवर, म्हणजे नंबर १ (मार्क ३ हे त्याचंच रूप), दुसरं काय! मी लगेच "हो" म्हणालो, वर पहिल्या महायुद्धातल्या खंदकांवर दहा मिनिटं बोललो. प्रत्यक्ष बघायला गेलो तर मॅगझिन पेटीसारखं चौकोनी. थ्री-नॉट-थ्रीचं तळाशी तिरपं असतं. बट सॉकेटवरची, म्हणजे दस्ता जिथे बसतो त्या धातूच्या भागावरची धूळ तेलाच्या फडक्यानं पुसली आणि अक्षरं वर आली: ७.६२, २ए१, साल १९६७. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातली, नाटोच्या काडतुसाची रायफल. माझे खंदक तिथेच बुजले. २ए आणि २ए१ या जोडीत गोंधळ झाला तर मागच्या साइटवरचे अंतराचे आकडे बघा: पहिलीवर २००० पर्यंत, दुसरीवर ८०० पर्यंत.

दुसरा घोळ नावापुढच्या चांदणीचा, म्हणजे स्टारचा. मार्क ३ आणि १९१६ पासूनची मार्क ३ स्टार लांबून जुळ्या बहिणी. युद्धाच्या घाईत स्टारमधून कट-ऑफ काढून टाकला. कट-ऑफ म्हणजे मॅगझिन झाकणारी पोलादी पट्टी. ती आत ढकलली की एकेक काडतूस हातानं भरायचं, आतली दहा राखीव. लांब पल्ल्याची व्हॉली साइटही गेली. पण कट-ऑफची नुसती खाच दिसली म्हणून "मार्क ३" असं ठोकून देऊ नका. कित्येक स्टार रायफलींना खाच आहे, पट्टी नाही. त्यात शस्त्रागारातल्या दुरुस्तीत सुटे भाग सर्रास बदललेले असतात. मी आधी बोल्टच्या दांडीवरचा नंबर बॉडीच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी सांगाड्याच्या नंबराशी ताडून बघतो, शिक्क्याकडे नंतर वळतो. नवख्यांना एवढा धीर नसतो. त्यांना थेट साल हवं असतं.

नंबर ४ ला, म्हणजे नंतरच्या मॉडेलला, नंबर १ म्हणणं तर आळसच. नळीचं तोंड नाकाबाहेर डोकावतंय आणि मागची साइट बॉडीवर आहे, एवढं दिसत नसेल तर चष्मा पुसा.

"जंगल कार्बाइन" (आखूड नंबर ५ चं टोपणनाव) म्हणून मिरवणाऱ्या बऱ्याचशा रायफली म्हणजे करवतीनं कापलेल्या नंबर ४. पुढे ज्वाळा झाकणारं नरसाळं बसवलं की नंबर ५ होत नाही. खरीची बॉडी आणि नळी वजन घटवायला जागोजागी कोरलेली असते, बोल्टच्या दांडीच्या टोकाचा गोळाही पोखरलेला असतो. लाकूड उतरवल्याशिवाय मी मत देत नाही.

आणि हातात घेतल्याबरोबर बोल्ट मागे ओढून, बोट घालून, चेंबर रिकामं आहे ना ते बघा. मॉडेल मग.