कौतुक करण्याआधी लॉगबुक वाचा

डिप्लोमा नाहीतर बीई करून कारखान्यात शॉपवर आलात आणि वीस-वीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसांचे सुपरवायझर झालात, तर हे तुमच्यासाठी. चूक एकट्यात सांगा, कौतुक चारचौघांत करा हे ट्रेनिंगमध्ये ऐकलेलंच असेल, ते परत सांगत नाही. मी अडकलो ते दुसरीकडेच.

आमच्या एका पार्टला २५ एच-सेव्हन बोअर होता, म्हणजे भोकाचा व्यास २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरमध्येच हवा, सगळी मिळून २१ मायक्रॉनची जागा. इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं बदलतं टोक, झिजला की बोअर हळूहळू लहान येतो आणि पीस माप तपासायच्या गेजला अडकतात. एका महिन्यात ते रिजेक्शन एकदम खाली आलं. मी सकाळच्या मीटिंगमध्ये फर्स्ट शिफ्टच्या सेटरचं, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याचं, नाव घेतलं, टाळ्या झाल्या. का, तर आकड्यांचा मेल त्याचा होता.

काम केलं होतं सेकंड शिफ्टच्या मामांनी. दर दहाव्या पीसचं रीडिंग लॉगबुकात, जरा खाली सरकलं की ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये टूलचं माप तेवढं सुधारायचं, आणि कडेला लिहिलेलं, 'इन्सर्ट १२० नको, ८० पीसला बदला'. ते लॉगबुक रोज माझ्या टेबलावर यायचं आणि मी न वाचता सही करायचो. मामा मला एक शब्द बोलले नाहीत, फक्त त्या दिवसापासून रीडिंगच्या जागी नुसतं 'ओके' यायला लागलं.

म्हणून परत परत सांगतोय, नाव घ्यायच्या आधी काम कोणी केलं ते बघा. रिपोर्ट पाठवणारा वेगळा असतो, काम करणारा वेगळा. रात्री ब्रेकडाउन काढणारा सगळ्यांना दिसतो, पण ज्याने बेअरिंगचा आवाज ऐकून आधीच कळवलं आणि ब्रेकडाउन होऊच दिलं नाही तो कोणाला दिसतो? तुम्ही चुकीचं नाव घेतलंत की एक माणूस गप्प होतो आणि दुसऱ्याला कँटीनमध्ये मान वर करता येत नाही, त्यापेक्षा दोन दिवस थांबलेलं परवडलं.

सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिपची एसबीआय पद्धत शिकवतात, प्रसंग, कृती, परिणाम. पद्धत चांगली आहे, पण कृती काय होती हेच माहीत नसेल तर बोलणार काय? आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरचं 'ग्रेट जॉब टीम' तर माझ्या मते बंदच करा. पाळीपाळीने फिरणारं 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ' पण तसंच, पुढचा नंबर कोणाचा ते शॉपवर सगळ्यांना आधीच माहीत असतं.

तुमच्याकडून असं झालं असेल तर घाबरू नका, सुधारता येतं. मी एका संध्याकाळी थांबलो, मशीनपाशी गेलो आणि म्हणालो, "मामा, ८० चा आकडा तुम्ही काढलात आणि मी दुसऱ्याचं नाव घेतलं, चुकलं माझं. पण ८० च का?" नुसतं कौतुक केलं असतं तर ते अवघडून "असू द्या साहेब" म्हणाले असते. प्रश्न विचारला तसे हात पुसून बोलायला लागले, ८० नंतर चिप, म्हणजे कापलेल्या धातूची कात्रण, कशी लांब यायला लागते, आवाज कसा बदलतो, अर्धा तास. दुसऱ्या दिवशी लॉगबुक हातात धरून मीटिंगमध्ये सगळं सांगितलं, सेटरला आधी विश्वासात घेऊन.

रीडिंग लगेच सुरू झाली नाहीत. दोन आठवडे 'ओके'च होतं. मग एका सकाळी पान उघडलं तर पहिल्याच ओळीत मामांच्या अक्षरात २५.०१४.