लिनक्सवर कॅलेंडर बसवताय? या चुका टाळा

कॅलेंडर इन्स्टॉल करायला दोन मिनिटंही लागत नाहीत. कटकट सुरू होते ती आठवड्याभराने. मोबाइलवर टाकलेली मीटिंग संगणकावर उगवत नाही, रिमाइंडर वाजत नाही, सकाळची बैठक दुपारी दिसते. मग वैतागून माणूस तो प्रोग्रॅम काढतो आणि दुसरा टाकतो, आणि दुखणं तिथेही तसंच राहतं. कारण बिघाड बहुतेक वेळा समोर दिसणाऱ्या खिडकीत नसतो, तिच्या मागे असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नोंद कुठे साठतेय हे न बघणं. ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या ग्नोम कॅलेंडरमध्ये आणि इव्होल्यूशन या मेल-कॅलेंडर प्रोग्रॅममध्ये ‘पर्सनल’, तर थंडरबर्ड या दुसऱ्या मेल-कॅलेंडर प्रोग्रॅममध्ये ‘होम’ नावाचं कॅलेंडर आधीपासूनच असतं. ते फक्त तुमच्या डिस्कवर राहतं. ऑनलाइन खातं जोडल्यावरही नवी नोंद निमूटपणे त्यातच जाऊ शकते. सहा महिने तुम्ही समजता की सगळं सिंक होतंय, आणि सिस्टिम नव्याने टाकताना होम फोल्डर पुसलं की सगळं जातं. म्हणून खातं जोडल्याबरोबर डिफॉल्ट कॅलेंडर बदला. नोंद सेव्ह करण्याआधी तिच्यावर कोणत्या कॅलेंडरचं नाव आहे तेही बघा.

दुसरा गोंधळ आयसीएस फाइलचा, म्हणजे कॅलेंडरच्या नोंदी ज्या फाइलमधून इकडून तिकडे नेतात तिचा. ती इम्पोर्ट केली की त्या क्षणाची प्रत मिळते, पुढचे बदल येत नाहीत. आयसीएस लिंकला सबस्क्राइब केलं तर बदल येतात, पण तुम्हाला काही लिहिता येत नाही. दोन्ही बाजूंनी सिंक हवं असेल तर कॅलडॅव्ह लागतं, म्हणजे कॅलेंडरने सर्व्हरशी बोलायची ठरलेली पद्धत. हे मानक २००७ पासून आहे आणि लिनक्सवरची मोठी कॅलेंडरं ते सगळी ओळखतात. नेक्स्टक्लाउडसारख्या ऑनलाइन फाइल-कॅलेंडर सेवेत टू-स्टेप लॉगिन चालू असेल, तर नेहमीचा पासवर्ड कितीही बरोबर टाइप केला तरी नाकारला जातो. त्या सेवेच्या सुरक्षा सेटिंगमधून वेगळा ॲप पासवर्ड काढावा लागतो. गूगलचं खातं मात्र ब्राउझरसारखी लॉगिनची खिडकी उघडूनच जोडलं जातं. ग्नोममध्ये ते सेटिंगमधल्या ‘ऑनलाइन अकाउंट्स’मधून जोडा आणि तिथलं ‘कॅलेंडर’चं बटण चालू आहे ना, ते बघा. खातं जोडलेलं आणि हे बटण बंद, ही गंमत वाटते त्यापेक्षा जास्त वेळा घडते.

प्रत्येक नोंद दोनदा दिसतेय? आधी फाइल इम्पोर्ट केली असेल आणि मग तेच खातं जोडलं असेल. किंवा एकच खातं ऑनलाइन अकाउंट्समधून जोडलं आणि इव्होल्यूशनमध्ये हातानेही. इथे सांभाळून. ग्नोम कॅलेंडर आणि इव्होल्यूशन या एकाच खोलीच्या दोन खिडक्या आहेत. दोघांची माहिती इव्होल्यूशन डेटा सर्व्हर या पडद्यामागच्या एकाच सेवेकडे असते. एकीकडून पुसलेली नोंद दुसरीकडूनही जाते. थंडरबर्डचा संसार वेगळा.

आता वेळ. संगणकावर विंडोजही असेल तर पहिला संशय तिथे घ्या. विंडोज मदरबोर्डचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवतं, लिनक्स ते यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर, आहे असं धरतं. त्यामुळे तुमची वेळ यूटीसीपेक्षा जितकी पुढे-मागे, नेमका तितकाच फरक पडतो. फरक इतका काटेकोर असेल तर कॅलेंडरची सेटिंग चाळत बसू नका. विंडोजलाच यूटीसी वापरायला लावणं हा त्यातल्या त्यात स्वच्छ उपाय. घड्याळ बरोबर आणि फक्त नोंदी सरकलेल्या असतील, तर प्रोग्रॅममधला टाइमझोन तपासा. इव्होल्यूशन आणि थंडरबर्ड दोघांतही तो स्वतंत्रपणे निवडता येतो.

रिमाइंडरचं उत्तर सहसा साधं असतं. थंडरबर्ड बंद असेल तर तो आठवण करून देत नाही. त्याला लॉगिनबरोबर सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत टाका. त्याच्या प्रत्येक कॅलेंडरच्या प्रॉपर्टीजमध्ये रिमाइंडर दाखवण्याचा चौकोन असतो, त्यावर खूण हवी. ग्नोममध्ये हे काम पडद्यामागची एक छोटी सेवा करते, खिडकी उघडी नसली तरी. संगणक हलका करायच्या उत्साहात लोक नेमकी तीच बंद करतात. ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू राहिलंय का, हेही बघा.

ऑटो-लॉगिन लावलं की कॅलेंडर दर वेळी पासवर्ड मागू लागतं, कारण लॉगिनचा पासवर्ड न टाकल्यामुळे कीरिंग, म्हणजे पासवर्ड ठेवायची कुलूपबंद पेटी, उघडतच नाही. कीरिंगचा पासवर्ड कोरा ठेवा असा सल्ला सर्रास मिळतो. तो चालतो, पण मग तुमचे सगळे पासवर्ड डिस्कवर उघडे पडतात. मी ऑटो-लॉगिनच बंद करेन.

आठवडा चुकीच्या वारापासून सुरू होत असेल तर बहुधा लोकेल, म्हणजे प्रदेशानुसार तारीख-वार दाखवण्याची सेटिंग, बदलायचं असतं. ग्नोममध्ये ते प्रदेश आणि भाषेच्या सेटिंगमधलं ‘फॉरमॅट्स’.

साधं पॅकेज सोडून फ्लॅटपॅक किंवा स्नॅप या वेगळ्या प्रकारच्या पॅकेजमधून प्रोग्रॅम घेतला आणि कॅलेंडर रिकामं दिसलं, तर घाबरू नका. प्रत्येक प्रकार आपली प्रोफाइल, म्हणजे तुमच्या नोंदी आणि सेटिंग, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो. उबुंटूने २४.०४ मध्ये थंडरबर्ड स्नॅपवर नेला, तेव्हापासून हा प्रश्न जास्तच ऐकू येतो. जुनी प्रोफाइल सहसा होम फोल्डरमध्येच पडून असते. फक्त फोल्डरचं नाव टिंबाने सुरू होतं म्हणून ती दिसत नाही. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबा. बॅकअप घेतानाही हे लपलेले फोल्डर दाखवूनच कॉपी करा.